त्याला माहीत नव्हतं

जर्मनीतल्या आमच्या बाकनांग गावात ग्रीक घरं असतील शंभर-सव्वाशे. त्यातल्या कुठल्याही घरी मयत झालं, की पहिला फोन पाद्रीबाबांना जातो आणि दुसरा पार्थेनाला. कोलिवा करावा तर तिनंच. उकडलेले गहू, डाळिंबाचे दाणे, बेदाणे, अक्रोड आणि वर साखरेचा जाड थर. गेलेल्याच्या नावानं चर्चमध्ये वाटायचा हा प्रसाद करताना पार्थेना कुणाला जवळ फिरकू देत नाही. बुटकी, रुंद बांध्याची बाई, आवाज असा की हॉलमध्ये माईक लागू नये. मदतीला गेलेल्या बायका निम्मा वेळ तिच्या शिव्या खातात आणि तरी पुढच्या वेळी हजर असतात.

नवऱ्याचा कोलिवासुद्धा तिनं स्वतःच केला. बायका म्हणाल्या, "अगं, आज तरी बस. आम्ही बघतो."

"सरका बाजूला," ती म्हणाली. "तुम्ही गव्हाचा लगदा करता. त्याला आवडायचा नाही."

त्या दिवशी पास्खालिसला मातीआड करून आलेली माणसं कॉफी आणि ब्रँडीचा पेला हातात घेऊन एकेक करून तिच्यापुढे आली. प्रत्येकाच्या तोंडी तेच. "पार्थेना, एवढं तरी देवानं बरं केलं. त्याला काही कळलं नाही. झोपेत गेल्यासारखा गेला बिचारा." ती प्रत्येकाला मान हलवून "हो, त्याला काही माहीत नव्हतं," म्हणत होती. नवरा वाचवता आला नव्हता, पण भीतीपासून मात्र आपण त्याला वाचवलं, असं तिला मनापासून वाटत होतं. खरं सांगायचं तर त्या दिवशी ती उभी होती ती तेवढ्याच बळावर.

हे कसं झालं ते सांगायचं तर सात वर्षं मागं जायला हवं.

पार्थेना ग्रीसमधल्या किल्किसकडच्या एका खेड्यातली. तंबाखूची पानं सुईनं ओवता ओवता मोठी झालेली. तिचे वडील ती सोळा वर्षांची असताना आजारी पडले. आमच्याकडे त्या रोगाचं नाव घेत नाहीत. "वाईट दुखणं" म्हणतात, तेसुद्धा आवाज खाली करून. आणि ज्याला झालंय त्याला तर कुणी सांगतच नाही. डॉक्टर घरच्यांना बाहेर बोलावतो, जे काय असेल ते त्यांच्या कानावर घालतो, आणि घरचे डोळे पुसून आत जाऊन म्हणतात, थोडी सूज आहे, गोळ्यांनी उतरेल. पार्थेनाच्या वडिलांना मात्र शहरात शिकून आलेल्या एका नव्या डॉक्टरनं तोंडावर सांगून टाकलं. त्यांनी भिंतीकडे तोंड केलं ते केलंच. अन्न सोडलं. बोलणं सोडलं. महिन्याच्या आत गेले. रोगानं नाही मेले, त्या नावानं मेले, असं पार्थेना आजही म्हणते, आणि यावर तिच्याशी वाद घालायची कुणाची छाती नाही.

पास्खालिस फरश्या बसवायचा. उन्हाळ्यात उघड्या पाठीनं काम करणारा माणूस. त्या पाठीवर एक काळा डाग वाढत चालला होता. तो पार्थेनानंच पाहिला, आणि भांडून, रुसून, शेवटी कामावरून अक्षरशः ओढत त्याला सालोनिका शहरातल्या इस्पितळात नेलं. डाग कापून काढला. आठवड्यानं डॉक्टरनं तिला बाहेर बोलावलं आणि सांगितलं. वाईट दुखणंच होतं, पण वेळेत काढलंय, आता दर सहा महिन्यांनी तपासत राहायचं.

"त्यांना मी सांगू का?" डॉक्टरनं विचारलं.

"खबरदार!" पार्थेना म्हणाली. पोरगेल्या वयाचा तो डॉक्टर दचकलाच.

तोंड धुऊन ती आत गेली. "चरबीची गाठ होती म्हणे. एवढ्याशा गाठीसाठी आठवडाभर ताटकळत ठेवलं मेल्यांनी!"

पास्खालिस तिच्याकडे बघत राहिला. "मग तू रडलीस कशाला?"

"रडतेय कोण? बाहेर तिघंजण सिगारेटी ओढत उभे आहेत. धूर गेला डोळ्यांत."

"बरं," तो म्हणाला. "मग घरी चल. भूक लागलीय."

झालं. विषय संपला. दर सहा महिन्यांनी ती त्याला काहीतरी सबब सांगून न्यायची. कधी रक्तदाब, कधी साखर, कधी म्हणे सरकारचा नवा नियम आहे. दात दुखत असताना दातांच्या डॉक्टरचं नाव काढलं की चार दिवस घरातून गायब होणारा हा माणूस, इथे मात्र गुपचूप कोट चढवून निघायचा. तिला तेव्हा आश्चर्य वाटायला हवं होतं. नाही वाटलं. आपण किती हुशारीनं निभावतोय, याच आनंदात होती ती.

मग आमच्या देशातली कामं आटली. घरंच बांधली जात नव्हती तर फरश्या कोण बसवणार? दीड वर्ष पास्खालिस कॉफीच्या दुकानात पत्ते कुटत बसला. त्याचा चुलतभाऊ इथे बाकनांगला होता, त्यानं बोलावलं, आणि चाळीस-पन्नाशीच्या मधल्या वयात, एकुलत्या एका पोरीला, लेमोनियाला घेऊन, ही दोघं जर्मनीत आली. पोर तेव्हा सोळा वर्षांची. वर्षभरात पोपटासारखी जर्मन बोलायला लागली. पास्खालिसला फरशी, सिमेंट आणि शिव्या एवढं जर्मन चटकन आलं. पार्थेनाला वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात काम मिळालं, तिथे तिनं स्वतः जर्मन शिकण्याऐवजी दोन जर्मन बायकांना ग्रीक शिकवलं.

इथे आल्यावर घराआधी लागतो तो विमा. त्यासाठी आमच्या लोकांकडे कोस्मास येतो. त्याचा बाप ग्रीसहून इथे पहिल्या फळीत आलेला, लोखंडाच्या ओतकामावरचा कामगार. कोस्मास इथेच जन्मला, विमा एजंट झाला. नव्या घरी जातो, टेबलाशी बसतो, कॉफी पितो आणि या देशात माणसानं कशाकशाचा विमा काढायचा असतो ते सांगत बसतो.

"हा आरोग्याचा. हा सक्तीचा आहे, याच्याशिवाय कामावर घेत नाहीत. हा दुसरा, तुझ्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर. समज, तू कुणाच्या नव्या बाथरूममध्ये हातोडा पाडलास."

"मी हातोडा पाडत नाही," पास्खालिस म्हणाला.

"भाऊ, सायकल चालवता चालवता कुणाच्या गाडीवर आदळलास तर?"

"मला सायकल येत नाही."

"अरे देवा! वहिनी, हा कसा पोसलात तुम्ही? हे बघ, इथे कुत्र्याचासुद्धा विमा असतो."

"बायकोच्या तोंडाचा आहे का?" पास्खालिसनं विचारलं. "तोंड कसलं, तोफ आहे. कुणाला लागलं तर भरपाई कोण देणार?"

"तुझाच काढते थांब!" पार्थेना चुलीजवळून ओरडली, आणि तिघंही हसले.

असं थट्टामस्करीत दोन-तीन विमे झाले. कोस्मास कागद आवरायला लागला, तेव्हा पास्खालिसनं आपणहून विचारलं, "आणि माणूस मेला तर? त्याचा असतो ना इथे?"

"असतो. पण तुझ्या वयाला हप्ता जड पडेल. सध्या राहू दे."

"पडू दे जड. तोच काढायचाय मला." मग बायकोकडे न बघता म्हणाला, "गावी काही झालं असतं तर भाऊबंद होते, निदान घराची भिंत तरी आपली होती. इथे मी पालथा पडलो तर ह्या दोघींनी कुणाच्या दारात जायचं?"

कोस्मासनं नवा अर्ज काढला. त्यात तब्येतीचे प्रश्न. तो एकेक वाचून ग्रीकमध्ये सांगत गेला. हृदयाचं काही? नाही. फुप्फुसाचं? नाही. गेल्या दहा वर्षांत शस्त्रक्रिया?

"पाठीवरची एक गाठ काढलीय. चरबीची होती," पास्खालिस म्हणाला.

"कसली म्हणालास?"

"चरबीची. हिला विचार. डॉक्टरनं हिलाच सांगितलं."

पार्थेनाची पाठ त्यांच्याकडे होती. भांड्यातली कॉफी फेसाळून वर आली, चुलीवर सांडली, आणि ती फडकं शोधायला लागली. "चरबीचीच," ती म्हणाली.

आता इथे कोस्मासची एक रीत सांगायला हवी. आपली माणसं टेबलाशी खरं बोलत नाहीत, हे त्याला धंद्याच्या पहिल्या दोन वर्षांतच कळून चुकलं होतं. म्हणून निघताना तो नेहमी घरच्या बाईला जिन्यापर्यंत सोडायला बोलवायचा आणि तिथे हळूच विचारायचा. त्या जिन्यांवर त्यानं काय काय ऐकलं असेल! आणि ऐकल्यावर तो कुणाच्या अब्रूला धक्का लावायचा नाही. दोन दिवसांनी फोन करून म्हणायचा, कंपनीनं वयाची अट बदलली, हा विमा आता होत नाही, दुसरा बघू. घरातलं गुपित घरात राहायचं.

त्या दिवशीही जिन्यात त्यानं विचारलं. "वहिनी, मला सांगायचं काही राहिलंय का?"

सांगायला हवं होतं. एक वाक्य पुरलं असतं. पण चार वर्षं त्या गोष्टीचा उच्चार तिनं कुणाजवळ केला नव्हता, बहिणीजवळसुद्धा नाही. नाव काढलं की ते ऐकतं आणि परत येतं, असं आमच्या बायका मानतात, आणि पार्थेना तर हे वडिलांच्या अंथरुणाशी शिकली होती. शिवाय चार वर्षं रोज म्हणून म्हणून तिचं तिलाच अर्धंमुर्धं खरं वाटायला लागलं होतं, की चरबीचीच असेल, डॉक्टर काय, चुकतातही.

"काही नाही रे," ती म्हणाली. "बैलासारखा आहे तो."

तीन वर्षं बैलासारखाच होता. चौथ्या शरद ऋतूत त्याची भूक गेली, डोळे पिवळे दिसायला लागले. इस्पितळात नेलं. पार्थेनाला कळून चुकलं होतं, पण इथल्या डॉक्टरांची पद्धत आपल्यासारखी नाही. ते बायकोला बाहेर बोलवत नाहीत. रोग्याच्या समोर खुर्ची ओढून बसतात आणि त्याच्या डोळ्यांत बघून सगळं सांगतात. त्यात एक जमेची बाजू होती, ती म्हणजे जर्मनचं ग्रीक करून सांगायला मधे लेमोनिया होती.

इस्पितळाच्या फाटकापाशी पार्थेनानं पोरीचा दंड धरला. "डॉक्टर काय वाटेल ते म्हणू दे. तू सांगायचंस, यकृताला सूज आहे. एवढंच. समजलं?"

"आई, हा त्यांचा आजार आहे. त्यांना..."

"माझ्या बापाला सांगितलं तेव्हा काय झालं ते मी पाहिलंय. तू नाही पाहिलंस."

लेमोनिया वीस वर्षांची होती. नुकतं कुठं विद्यापीठात नाव घातलं होतं. तिनं मान खाली घातली.

डॉक्टरीणबाई दहा मिनिटं बोलल्या. मधे थांबल्या, पास्खालिसच्या हातावर हात ठेवला, पुन्हा बोलल्या. मग लेमोनिया म्हणाली, "बाबा, यकृताला सूज आहे. औषधं देणार आहेत."

पास्खालिसनं पोरीकडे बघितलं. "इतकं लांबलचक बोलल्या, आणि एवढंच?"

"जर्मन भाषाच तशी आहे, बाबा."

"हो, खरंय," तो म्हणाला. "एका खिळ्याला ह्यांच्याकडे हातभर शब्द असतो."

पार्थेनाचा जीव भांड्यात पडला.

पुढचे पाच महिने ती नुसती पळत होती. सकाळी वृद्धाश्रम, दुपारी इस्पितळ किंवा घर, सूप, औषधं, अंथरूण. आणि तोंडानं सतत काहीतरी बोलत होती. आज तुझा रंग सुधारलाय, आज दोन घास जास्त खाल्लेस. शेवटच्या पंधरवड्यात तो म्हणाला, "उन्हाळ्यात गावी जाऊ या का?"

"जाऊ की. ऑगस्टची तिकिटं काढते."

"ऑगस्टात गर्दी फार. जुलैची काढ."

"जुलैची काढते."

मार्चमध्ये तो गेला. चाळिसाव्या दिवसाची प्रार्थना झाली. आणि मग विमा कंपनीचं पत्र आलं.

कोस्मासनं ते टेबलाशी बसून दोनदा वाचलं. "वहिनी, कंपनीला जुन्या शस्त्रक्रियेचं कळलंय. इथल्या इस्पितळाच्या कागदांत आहे, की सात वर्षांपूर्वी पाठीवरून काढलं होतं तेच हे दुखणं." त्यानं पत्र खाली ठेवलं. "जिन्यात मी तुम्हाला विचारलं होतं."

"विचारलं होतंस," पार्थेना म्हणाली. दुसरं काय म्हणणार?

त्यानंही मग फार ताणून धरलं नाही. "जाऊ दे. आता नीट ऐका. कंपनीचा सवाल एकच आहे. अर्जावर सही करताना त्याला माहीत होतं का? माहीत असून लपवलं असेल तर एक पैसा मिळणार नाही. पण खरंच माहीत नसेल, तर त्यानं काही लपवलंच नाही. मग द्यावेच लागतात. तुम्हाला माहीत होतं की नाही हे ते विचारत नाहीत. अर्ज त्याचा, सही त्याची."

"त्याला माहीत नव्हतं."

"मग तसं लिहून द्यायचं. मी सगळं लपवलं, त्याला शेवटपर्यंत कळू दिलं नाही, असं. जमेल?"

सोपं नव्हतं ते. इथल्या लोकांना ही गोष्ट सांगून बघा! नवऱ्याच्या जिवाची गोष्ट नवऱ्यापासून चोरली म्हणून तुमच्याकडे असं बघतात, की जणू त्याचा खिसा कापला. ते सगळं आता परक्या माणसांसाठी कागदावर उतरवायचं. पण बापाच्या आजारपणात लेमोनियानं शिक्षण सोडलं होतं आणि बेकरीत पाव विकत होती. घराचं भाडं एकट्या पार्थेनाच्या पगारात भागत नव्हतं. तो पैसा आला तर पोर परत शिकायला जाणार, नाही तर नाही.

"लिही," ती म्हणाली. "मला लाज नाही त्याची. मी त्याला सात वर्षं सुखानं झोपू दिलं."

कंपनीला पुरावा हवा होता. पार्थेनानंच सुचवलं, की सालोनिकाच्या फाइलमध्ये त्या पोरगेल्या डॉक्टरनं काहीतरी लिहून ठेवलंच असेल. तिच्या भावजयीनं तीन हेलपाटे घातले, इस्पितळाच्या तळघरातून फाइल शोधायला लावली, सगळ्या पानांच्या प्रती काढून पाठवल्या. पाकीट एका शनिवारी सकाळी आलं. कोस्मास जबाब जर्मनमध्ये टाइप करून घेऊनच आला. फक्त सही बाकी होती.

तिसऱ्याच पानावर होतं ते. वेड्यावाकड्या डॉक्टरी अक्षरात. "रुग्णाला निदान सांगितलेले नाही. पत्नीची विनंती."

कोस्मासनं टेबलावर थाप मारली. "झालं काम! वहिनी, यापुढे कंपनी काही बोलू शकत नाही."

पार्थेनानं ते पान हातात घेतलं. ओळीवरून बोट फिरवलं. सात वर्षांनी कुणीतरी तिला शाबासकी दिली असं वाटलं तिला. डोळे भरून आले. मग उगाच, आणखी काय आहे बघावं म्हणून, ती उरलेली पानं चाळत गेली. रक्ताच्या तपासण्या, बिलं, औषधांच्या याद्या. आणि अगदी शेवटी वहीचा फाडलेला कागद, त्याची प्रत. ते अक्षर तिला वाचावं लागलंच नाही. लांबूनच ओळखलं.

"मी, खाली सही करणारा पास्खालिस, माझ्या पाठीवरून काढलेल्या गाठीचा तपासणी अहवाल मला मिळावा अशी विनंती करतो. कृपया घरी कळवू नये."

खाली सही. त्याखाली कारकुनाचा शिक्का, अहवाल दिल्याची नोंद आणि तारीख. शस्त्रक्रियेनंतरचा एकोणिसावा दिवस.

पार्थेना खुर्चीत बसली. कोस्मासनं कागद तिच्या हातातून घेतला, वाचला, आणि तोही बसला.

मग त्यानं तो कागद उपडा करून साखरेच्या डब्याखाली सरकवला. "हा मी पाहिला नाही," तो म्हणाला. "पाकिटात होता की नाही, मला माहीत नाही. आपण तिसरं पान पाठवायचं, जबाबावर सही करायची, संपलं."

"एकोणिसावा दिवस," पार्थेना म्हणाली. "त्या दिवशी तो फरश्या बघायला म्हणून सालोनिकाला गेला होता. येताना माझ्यासाठी मिठाई आणली होती."

"वहिनी, इकडे बघा. सही करा."

"जबाबात काय लिहिलंयस?"

"माझ्या पतीला माहीत नव्हतं."

"पण होतं की रे."

"अहो, सात वर्षं खोटं बोललात! आणखी एक ओळ बोला!" कोस्मासचा आवाज चढला. मग त्याचं त्यालाच वाईट वाटलं. "हे बघा. त्यानं विमा कशासाठी मागून घेतला? त्याला माहीत होतं म्हणूनच ना? तुम्हाला, पोरीला मागं काहीतरी राहावं म्हणून. ते तुम्ही नाकारणार? त्याला आवडेल?"

पार्थेनानं जबाब पुढे ओढला. तिनं पेन उचललं. टोपण काढलं.

तेवढ्यात लेमोनिया बेकरीतून आली. हातात शिळ्या पावांची पिशवी. आईचा चेहरा बघून दारातच थबकली. पार्थेनानं साखरेच्या डब्याखालचा कागद काढून तिच्यापुढे धरला. लेमोनियानं वाचला. तिचा चेहरा पडला, पण ती चकित झाली नाही. आईच ती, तिच्या लक्षात आलं.

"तुला ठाऊक होतं!"

लेमोनियानं पिशवी खाली ठेवली. "कागदाचं नव्हतं ठाऊक."

"मग कशाचं होतं?"

"पहिल्याच दिवशी, आई. डॉक्टरीणबाई बोलल्या त्या दिवशी. तू गाडीपाशी गेलीस, तेव्हा बाबा मला म्हणाले, पोरी, फरशी बसवता बसवता माझं जर्मन तुला वाटतं त्यापेक्षा बरं झालंय. म्हणाले, तू आईचं ऐकत राहा. मला माहीत नाही असंच तिला वाटू दे. तेवढ्यावरच ती उभी आहे, तेवढं तिच्याकडून काढून घेऊ नकोस."

कोस्मास उठला आणि खिडकीकडे तोंड करून उभा राहिला.

पार्थेना पोरीकडे बघत होती. या बाईचा आवाज इतका लहान होऊ शकतो, हे तोवर कुणाला माहीत नव्हतं. "घाबरला होता का गं?"

लेमोनिया खाली वाकून पावांची पिशवी उचलायला लागली.

"खरं सांग. मी आता काही मरत नाही. घाबरला होता?"

"हो, आई. खूप. तू सूप करायला उठलीस की माझा हात घट्ट धरायचे. दोनदा रडले. तुला ऐकू जाऊ नये म्हणून तोंडावर उशी घेतली होती."

"मी इथेच होते," पार्थेना म्हणाली. "इथे, भिंतीच्या या बाजूला. आणि मी आत जाऊन त्याला सांगायची, आज तुझा रंग सुधारलाय." तिनं दोन्ही हातांनी टेबलाची कड धरली. "जुलैची तिकिटं काढ म्हणाला. माझ्या समाधानासाठी म्हणाला गं. मरणारा माणूस मला धीर देत होता, आणि मला वाटत होतं मीच त्याला देतेय. एकदा जरी बोलले असते तरी त्याच्या अंथरुणात शिरून त्याच्याबरोबर रडले असते. एकटाच घाबरला. चाळीस पावलांचं हे घर, आणि यात तो एकटाच घाबरला."

कोस्मास वळला. त्याचेही डोळे लाल झाले होते, पण माणूस धंद्यातला, मुदत त्याला दिसत होती. "वहिनी, सोमवारी जबाब पोचायला हवा. सही..."

पार्थेनानं पेन खाली ठेवलं. "सात वर्षं त्यानं ते एकट्यानं सोसलं. आता मी परत लिहून देऊ, की त्याला काही माहीतच नव्हतं? त्यानं काही सोसलंच नाही? नाही रे. मी त्याला एकदा एकटं टाकलं ते न कळून. आता कळून सवरून नाही टाकणार." मग पोरीकडे बघून म्हणाली, "तुझं शिक्षण जातंय त्यात. तू म्हणालीस तर ह्याच्या जबाबावर मी सही करते."

"नको करूस," लेमोनिया म्हणाली.

कोस्मासनं टाइप केलेला जबाब घडी करून खिशात घातला. मग बॅगेतून कोरा कागद काढला, त्यावर हातानंच एक ओळ लिहिली, खाली तारीख टाकली आणि कागद तिच्यापुढे सरकवला.

"ग्रीकमध्ये वाचून दाखव," पार्थेना म्हणाली.

"माझ्या पतीला सगळं माहीत होतं."

तिनं त्याखाली सही केली. मग नवरा गेल्यापासून पहिल्यांदाच तिनं गळा काढला, आमच्या खेड्यांतल्या बायका काढतात तसा, त्याचं नाव घेऊन, "पास्खालिस, मला सांगायचं होतंस रे, मला सांगायचं होतंस," आणि लेमोनिया तिला मिठीत घेऊन तिच्याबरोबर मोठ्यानं रडायला लागली.